या वायरीपुरतं बंद

तुमच्या घरात ज्याच्या वायरीवरून इंटरनेट येतं, त्या माणसाला तुम्ही कधी विचारलंय का, की बाबा रे, तू आमच्या घरात काय काय आणून सोडतोस?

नसेल विचारलं. आम्हीही विचारलं नव्हतं. पाण्याचं आम्ही विचारतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी गढूळ आलं तर आमची गल्ली भरलेली घागर तशीच उचलून नगरसेवकाच्या दारात नेऊन ठेवते. वायरीतून काय येतं यासाठी कुणी कुणाच्या दारात गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी जावं लागलं ते आमच्या आप्पांना, ज्यांच्या तोंडात 'बंदी' हा शब्द आयुष्यभर शिवीसारखा यायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. शहराच्या पूर्व भागात आमचा लहानसा छापखाना आहे. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं ही पोटाची कामं. आप्पांची ओळख मात्र पत्रकांमुळे. विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, यंत्रमाग कामगारांची पत्रकं, बोनसची, बंदची, सभेची. मी त्या पत्रकांवरच वाढले. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं केली, पाठ्यपुस्तकांना त्यांचीच कव्हरं घातली, डब्यातली शेंगाचटणीसुद्धा त्याच कागदात बांधलेली असायची. बाकीच्या मुलींच्या चटणीच्या कागदावर सिनेमातल्या बायका असायच्या, माझ्या कागदावर 'ही मजुरी की भीक?' असं जाड टाइपात. तेल लागून अक्षरं पलीकडे उमटायची. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच जेवतात.

या छापखान्याचा एक नियम होता. पत्रक कुणाचंही असो, तळाला बारीक टाइपात एक ओळ असलीच पाहिजे: प्रकाशक अमुक, मुद्रक तमुक, पत्ता असा असा. कायदाही तसाच आहे. पण आप्पांना तो कायदा वाटायचा नाही, वळण वाटायचं. जेवल्यावर आपलं ताट आपण उचलावं, तसं.

मी शाळेत असतानाची गोष्ट आहे. एक माणूस हाताने लिहिलेला मजकूर घेऊन आला. विडीच्या कारखान्यात बायकांचं पुढारपण करणाऱ्या एका बाईबद्दल होता. तिचं नाव, गल्ली, घर, तिच्याकडे कोण येतं, किती वाजता जातं. आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "खाली नाव कुणाचं टाकू?"

"नावाचं काय काम, आप्पा? मजकूर खरा हाय."

"खरा हाय तर मग लाजतोस कशाला? मुद्रक म्हणून माझं नाव पडणारच. प्रकाशक म्हणून तुझं सांग. आत्ता लावतो मशीनला."

तो माणूस भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघतो दुसरीकडं."

"बघ की. फक्त त्या बाईच्या घराचा पत्ता घातलायस नव्हं, तुझा का न्हाय घातला, तेवढं त्या दुसऱ्याला सांग."

तो गेला. पत्रक कुठूनतरी छापून आलंच, तळ कोरा असलेलं. त्या बाई नंतर बरेच दिवस विड्या जमा करायच्या रांगेत डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून उभ्या राहायच्या. आप्पा ते पत्रक हातात धरून म्हणाले होते, "खालची ओळ नसली की माणूस काय बी लिहितो."

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. तरुणपणी एका संपात पोलिसांनी त्यांच्या पत्रकांचा गठ्ठा उचलून नेला होता, आणि गठ्ठ्यामागून त्यांनाही. संध्याकाळी सोडलं. घरी आल्या आल्या त्यांनी तेच पत्रक पुन्हा छापलं, कारण कागद नेले तरी जुळवलेले टाइपाचे खिळे मशीनवर तसेच होते. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून तरुण होतो. छापलेलं कुणी बंद करू नये, हे आमच्या घरात देवासारखं होतं. देव्हाऱ्यातल्या लिंगापेक्षा थोडं वरच.

आता आक्काबद्दल. आक्का म्हणजे माझ्या आत्याची मुलगी, वळसंगची. घरात कन्नड, शाळेत मराठी, असं वाढलेली. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांच्या दाजींनी, एकच अट घातली: होस्टेल नाही, मामाकडं राहायचं. म्हणून ती आमच्याकडे आली. माझ्या हाताला बँडेज बांधून सराव करायची आणि सोडायची नाही. "थांब की तंगी, गाठ बघू दे." तंगी म्हणजे धाकटी बहीण. दोन्ही हात बांधलेल्या अवस्थेत मी कितीतरी वेळा तिच्या हातून भाकरीचा घास खाल्लाय. तिच्या घराण्यात पगार घेऊन येणारी ती पहिली बाई ठरणार होती. शेवटचं वर्ष होतं. वॉर्डातली ड्यूटी पुरी भरली तरच परीक्षेला बसता येतं, त्यामुळे ताप असला तरी ती जायची.

एका सकाळी ती पोहे खाताना फोन वाजला. वॉर्डातून असेल म्हणून तिने पटकन घेतला, ऐकलं, आणि ठेवला. पुन्हा वाजला. दुसराच नंबर, दुसराच माणूस, तीच भाषा. दुपारपर्यंत तिने फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता, आणि डब्याच्या आतून तो थरथरत होता.

वर्गातल्या एका मुलीने तिला दाखवलं कुठून येतंय ते. एक साइट होती. तिथे शहरावार कप्पे, त्यात सोलापूरचाही. आत बायकांचे, मुलींचे फोटो. नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन शपथ घेतात, त्या दिवसाचा आक्काचा फोटो होता. पांढऱ्या गणवेशात, दोन्ही हातांत दिवा. त्याच्यावर तिचं नाव, कॉलेज, फोन नंबर. खाली एक ओळ, ती मी लिहिणार नाही. त्या ओळीखाली इतर लोक आपापली भर घालत होते. ती कोणत्या स्टँडवरून रिक्षा धरते, कुणीतरी लिहिलं होतं. रात्रपाळी कधी असते, कुणीतरी बरोबर लिहिलं होतं. म्हणजे लिहिणारा लांबचा कुणी नव्हता. आम्ही नंबर बदलला, मोजक्या माणसांना दिला, आणि नवा नंबरही त्याच पानावर येऊन बसला. त्या दिवसापासून आक्का घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या फोनकडे बघायला लागली.

सगळे रस्ते करून पाहिले. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं. साइट बाहेरच्या देशातली, तिकडून उत्तर यायला वेळ लागतो म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. साइटवर तक्रारीसाठी एक चौकट होती. आक्काने तीत चांगल्या इंग्रजीत विनंती लिहिली. ती विनंतीच दुसऱ्या दिवशी तिच्या फोटोखाली टांगलेली दिसली, आणि तिच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मग मी गल्लीतल्या केबलवाल्याकडे गेले. आमच्या भागात नेट त्याचंच. त्याच्या वडिलांची यंत्रमागाची शेड होती. माग भंगारात गेले, पण त्यांचे बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले आहेत आणि त्यांच्या मधोमध त्याची खुर्ची. घरात तेलुगू बोलतो, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. माणूस चांगला. कुणाच्या घरी मयत झाली तर बिलाचं नाव काढत नाही.

"ताई, मी वायर टाकणारा माणूस," तो म्हणाला. "वायरीतनं कोण काय ओढूलालाय, ते मला कुटं दिसतंय?"

मी म्हटलं, एक साइट बंद करता येते का, एवढंच सांग.

"येती की. माझ्या राउटरवर टाकलं तर माझ्या वायरीपुरती बंद. पण मी कोण बंद करणार? कंपनीनं सांगावं, सरकारनं सांगावं. मी पोस्टमन. पोस्टमन पत्र फोडतो का?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणी गिऱ्हाईक तक्रार करत होतं. याने शांतपणे सांगितलं, "न्हाय मालक, ती फुकट पिक्चरची साइट आता न्हाय उघडणार. कोर्टाची ऑर्डर हाय, सगळ्या कंपन्यांनी बंद केलीय. दुसरी बघा की."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला काय म्हणायचंय ते त्याला न बोलता कळलं.

"सिनेमावाल्याकडं वकील असतो, ताई," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्यालाही वाईट वाटत होतं.

घरी येऊन मी हे आप्पांना सांगितलं, आणि त्या संध्याकाळी आमचं पहिल्यांदा खरं भांडण झालं. मी म्हणत होते, वायर ज्याची त्याने बंद करावी, उद्या नाही, आज. ते लग्नपत्रिका मोजता मोजता मान हलवत होते.

"आज त्यांचं पान, उद्या आपलं पत्रक. एकदा वायरवाल्याला कळलं की आपण बंद करू शकतो, की मग त्याला फोन कुणाचे येतील? तुझ्यामाझ्यासारख्यांचे? न्हाय. गिरणीवाल्याचे, आमदाराचे."

"आप्पा, त्या पानाच्या तळाला मुद्रक कुठाय?"

ते मोजायचे थांबले.

"तुम्हीच नाव नसलेलं परत केलं होतं की. आता सगळं गाव तेच छापतंय आणि तुम्ही म्हणता मशीनला हात लावू नका."

त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बंद करून न्हाय, उघडं करून मारायचं असतं." आणि उठून त्यांना जे येतं ते करायला बसले. पत्रक लिहायला.

ही आमच्या घराची रीत. दुसऱ्या घरात दुःख आलं तर माणसं नवस बोलतात, नाहीतर दार लावून घेतात. आमच्यात मजकूर लिहितात. मथळा होता 'लेकीबाळींच्या अब्रूचा बाजार'. आक्काचं नाव नव्हतं, 'आपल्यातलीच एक लेक' एवढंच. मजकूर धारदार होता, आजही मला त्यात एक शब्द बदलावासा वाटणार नाही. आणि मधोमध चौकटीत, छापखान्यातल्या सगळ्यात मोठ्या टाइपात, त्या साइटचा संपूर्ण पत्ता. चोराचं नाव चौकात घ्यायचं, म्हणजे त्याला तोंड दाखवता येत नाही, ही आप्पांची चाळीस वर्षांची पद्धत. मजुरी बुडवणाऱ्या मालकाचं नाव ते असंच छापायचे, आणि मालक खरंच दुसऱ्या दिवशी बोलणी करायला यायचा. तळाला अर्थातच ओळ होती: प्रकाशक व मुद्रक, दोन्हीकडे आप्पांचंच नाव आणि आमचा पत्ता.

पाळी सुटायच्या वेळेला आम्ही पत्रकं यंत्रमागांच्या दारात वाटली, विडी कारखान्याच्या शाखेवर वाटली, चहाच्या गाड्यांवर ठेवली. विडीवाल्या बायकांनी वाचून दाखवायला लावलं आणि बोटं मोडून शिव्या दिल्या. एका म्हातारीने पत्रकाची नीट घडी करून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडं टचचा फोन न्हाय, पोरी. नातवाकडं हाय. त्याला दाखविते मी."

मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं.

थोड्याच दिवसांत केबलवाला छापखान्यात आला. लग्नाची कार्डं मशीनवर होती. दारातच उभा राहून त्याने चपला काढल्या, खरं तर आमच्याकडे मशीनच्या खोलीत कुणी काढत नाही.

"काका, एक बोलू का? रागावू नका."

"बोल की."

"लोकांचे फोन येऊलालेत मला. म्हणतात, एक साइट लई स्लो हाय, नुसतीच फिरूलालीय, फोटो उघडंनात. तुझं नेट बेकार हाय म्हणून शिव्या देतात. मला कळंना कुठली साइट एवढी बघूलालेत. मग एकाला म्हटलं, नाव वाचून दाखव." त्याने खिशातून आमचं पत्रक काढलं, मशीनच्या पाट्यावर ठेवलं, आणि चौकटीवर बोट ठेवलं. "त्यानं हितनं वाचलं."

मशीन चालूच होतं. आप्पांनी कार्डं घालायची थांबवली, त्यामुळे ते रिकामंच उघडत मिटत राहिलं. कुणीतरी बटण बंद करायला हवं होतं. बऱ्याच वेळाने केबलवाल्यानेच हात पुढे करून बंद केलं.

उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा कोपऱ्यात होता. आप्पांनी तो उचलला, कटिंग मशीनखाली लावला आणि मधोमध चिरला. पुन्हा फिरवून चिरला. पत्त्याची अक्षरं सुटी होईपर्यंत.

आक्का त्या दिवशी लवकर परत आली. तिच्या पिशवीत एक पत्रक होतं. हॉस्पिटलच्या भिंतीवर कुणीतरी चिकटवलं होतं आणि मोठ्या चौकटीखाली पेनने बाण काढून तिचं नाव लिहिलं होतं. तिने ते आप्पांसमोर ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही.

"बघताक्षणी कळलं मला, मामा. टाइप तुमचा हाय. पत्ता केवढा मोठा छापलाय."

"मला वाटलं लोक थुंकतील त्यावर," आप्पा म्हणाले.

"थुंकले की. आधी उघडून बघितलं, मग थुंकले."

एवढंच. ती आत गेली आणि गणवेश धुवायला घेतला. दुसऱ्या दिवशी तो घालायचा नाही हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. कॉलेजने तिला वातावरण निवळेपर्यंत घरी थांबायला सांगितलं होतं. तिच्या काळजीपोटीच, असंही सांगितलं होतं. छळ करणाऱ्यांतल्या कुणालाही कुणी घरी थांबायला सांगितलं नाही.

दाजी तिला न्यायला आले. ओट्यावर बसून पाणी प्यायले, आप्पांकडे न बघता म्हणाले, "शिक्षण होतंय की पुढं कवा तरी." कवा तरी म्हणजे काय, ते घरातल्या प्रत्येकाला कळलं. आक्काने तिची पुस्तकं न्यायला घेतली होती, दाजी म्हणाले, राहू देत हितंच, जड होतील. रिक्षा वळेपर्यंत आप्पा दारात उभे होते, शाईचे हात पाठीमागे धरून.

त्याच दुपारी ते केबलवाल्याच्या शेडमध्ये गेले. मी मागोमाग. बोल्ट चुकवत ते त्याच्या खुर्चीपाशी पोचले आणि म्हणाले, "बंद कर."

केबलवाला उठून उभा राहिला. "करतो, काका. पण लिहून द्या. तुमच्या सहीनं. मी मनानंच बंद केलं, तर उद्या कोण बी येतंय, ह्याची बंद कर, त्याची बंद कर म्हणून. मी कुणाकुणाला नाही म्हणू?"

मला वाटलं आप्पा चिडतील. आयुष्यभर बंदीविरुद्ध लिहिलेल्या माणसाला बंदीचा अर्ज लिहायला सांगणं. पण त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांना त्यात ओळखीचं काहीतरी सापडलं असावं.

त्यांनी अर्ज लिहिला, सही केली. केबलवाल्याने तेवढ्यात राउटरवर काहीतरी टाकलं, स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं, पान कोरं आलं. मग आप्पा छापखान्यात परत आले आणि त्यांनी एक नोटीस जुळवली. ती शेडच्या दाराला अजून चिकटलेली आहे. मजकूर असा:

'या केंद्राच्या वायरीवर एक साइट बंद केली आहे. तेथे बायकांचे व मुलींचे फोटो आणि फोन नंबर त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून त्यांचा छळ केला जातो. साइटचे नाव येथे छापलेले नाही. ही बंदी ज्याला चुकीची वाटते त्याने मुद्रकाकडे यावे. नाव तोंडी सांगण्यात येईल व हरकत लिहून घेण्यात येईल.' आणि खाली, बारीक टाइपात नव्हे, मजकुराइतक्याच मोठ्या टाइपात, बंदी मागणाऱ्याचं नाव आणि बंद करणाऱ्याचं नाव.

हरकत घ्यायला कुणी आलं नाही. म्हणजे एक जण आला होता. तरुण, यंत्रमागावर कामाला. त्याने कार्डांचे नमुने चाळले, छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

"विचार की, काय विचारायचंय ते," आप्पा म्हणाले.

"न्हाय आप्पा, असंच. व्हिजिटिंग कार्ड करायचं होतं." आणि कार्ड न करता गेला.

मी तेव्हापासून एका गोष्टीवर ठाम आहे. नेट विकणाऱ्यांनी अशा साइट बंद केल्याच पाहिजेत. गल्लीतल्या केबलवाल्यापासून आकाशातून सिग्नल पाडणाऱ्या मोठ्या कंपन्यांपर्यंत, सगळ्यांनी. 'आम्ही फक्त वायर' हे उत्तर मला मान्य नाही. सिनेमासाठी त्यांची वायर डोळे उघडते, मुलीसाठी मिटते. आप्पांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. गुपचूप केलेल्या बंदीत उद्या आपलं पत्रक जाईल, जातही असेल. पण या भीतीची किंमत प्रत्येक वेळी आक्कानेच का भरायची? जी बंदी घालाल तिच्या खाली नाव घाला. कुणी मागितली, कुणी घातली, कशासाठी, आणि हरकत असेल तर कुठे यायचं. निनावी छळाला निनावी बंदी हे उत्तर नाही, हे मला आप्पांनीच शिकवलं. आणि छळ चालू ठेवणं हे तर कशाचंच उत्तर नाही.

पण मी जिंकले असं समजू नका. कुणीच जिंकलेलं नाही.

गेल्या महिन्यात एसटीने वळसंगला गेले. आत्याने दारातच "बा तंगी", ये गं, म्हणून आत घेतलं आणि चहा टाकायला गेली. आक्का मागच्या पडवीत शेजारच्या एका म्हातारीचं ब्लडप्रेशर बघत होती. यंत्र तिचं स्वतःचं, सोलापुरात घेतलेलं. म्हातारी म्हणाली, "डॉक्टरीण हाय आमची." आक्काने पट्टा गुंडाळला. म्हातारी गेल्यावर म्हणाली, "फार जणी यायला लागल्या तर बाबांना आवडत न्हाय. दारात गर्दी दिसती."

मग तिने विचारलं, "गल्लीतलं बंद केलं म्हणं मामानं."

"केलं."

"सही करून?"

"सही करून. नोटीस लावून."

ती थोडी हसली. "लई अवघड गेलं असंल त्यांना." मग फळीवरचा तिच्या भावाचा मोबाइल काढून तिने माझ्या हातात दिला. "आन हितं?"

मला नको होतं. ती बघत राहिली म्हणून ते पान उघडलं. कुठे फिरलं नाही, अडखळलं नाही. गावात सिग्नल चांगला आहे. सोलापूरचा कप्पा, तोच फोटो, खाली नवी भर. आमच्या गल्लीची एक वायर आप्पांनी सही करून बंद केली होती, बाकी सगळं आभाळ उघडं होतं.

आक्काने फोन माझ्या हातातून घेतला. खालच्या ओळींवर तिने अंगठा ठेवला होता, फक्त फोटो दिसेल असा. बराच वेळ बघितला.

"दिवा नीट धरलाय की मी," ती म्हणाली.

आत्याने आतून हाक मारली, चहा झाला म्हणून.

आप्पा आता मोबाइल कंपन्यांना लिहितात. दर वेळी सही करून, पत्ता घालून. उत्तर आलं तर ते एखाद्या यंत्राचं येतं: आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. तळाला कुणाचं नाव नसतं. एक म्हातारा मुद्रक सही करतो म्हणून कंपन्यांना फरक पडत नाही, हे आप्पांनाही कळतं. तरी लिहितात. आक्काची पुस्तकं मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली आहेत. त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून ती त्यांनी कागदात बांधलीत, आणि या खेपेला कागद पाठपोट कोरा घेतला.

या लेखात मी कुणाचंच नाव घेतलं नाही, आक्काच्या गावाचं नावही बदललंय, कारण नावावरून तिच्यापर्यंत रस्ता जातो. त्या साइटचंही घेतलं नाही. वाचता वाचता तुमच्यापैकी कुणी फोन हातात घेतला असेल तर तो खाली ठेवा. शोधू नका. आमच्या गल्लीने बघूनच थुंकलं होतं.

त्याऐवजी एक काम करा. तुम्हाला नेट विकणारा जो कुणी आहे, गल्लीतला वायरवाला किंवा चौकातलं सिमकार्डाचं दुकान, त्याच्याकडे एक कागद घेऊन जा. त्यावर एवढंच विचारा: छळ करणाऱ्या साइटबद्दल एखाद्या बाईने तक्रार आणली, तर तुम्ही ती बंद करता का, आणि करत नसाल तर नाही म्हणणाऱ्या माणसाचं नाव काय? उत्तर लेखी मागा.

आणि त्या कागदाच्या तळाला तुमचं नाव आणि पत्ता घाला. स्वतःचा.